ओठांवरचं मराठी

माझ्या कामात 'मी' हा शब्द दिवसभर वापरावा लागतो आणि त्यातला एकही 'मी' माझा नसतो. 'मी पाच वर्षं याच खुर्चीत बसलोय', 'मला हे साहेब बिल्कुल आवडत नाहीत', 'मी राजीनामा देतो' ही वाक्यं मी दिल्ली, नोएडा आणि गुडगावच्या ऑफिसांत चांगल्या खणखणीत आवाजात म्हटलेली आहेत. मी सांकेतिक भाषेची दुभाषी आहे. ऐकू न येणारा माणूस हातांनी बोलतो ते मी आवाजात आणते, आणि समोरचा तोंडाने बोलतो ते हातांवर घेते. 'तो असं म्हणतोय' असं म्हणायचं नाही. तो 'मी' म्हणाला तर आपणही 'मी'च म्हणायचं. काही घालायचं नाही, काही गाळायचं नाही. शिवीसुद्धा.

लग्न होऊन पुण्याहून दिल्लीला आले तेव्हा असं काही काम असतं हेच मला माहीत नव्हतं. यांची नोकरी केंद्र सरकारात. मला कर्णबधिर मुलांच्या एका शाळेत चित्रकला शिकवायचं काम मिळालं. त्या काळी वर्गात मुलांना हात वापरू देत नसत. ओठ बघा, बोला, एवढंच. मधली सुट्टी झाली की तीच मुलं मैदानात हातांनी अशी काही भांडायची, चिडवायची, सिनेमाच्या गोष्टी सांगायची की बघत राहावं. मी भाषा शिकले ती त्या मैदानात. परीक्षा वगैरे पुढे रीतसर दिल्या. शाळेतून निवृत्त झाले तशी ऑफिसांतून बोलावणी यायला लागली आणि मयूर विहारच्या घरातून सकाळी मेट्रोने निघायचं ते आजतागायत चालू आहे.

लोक मला विचारतात, "आता कायदा आहे ना? मग सगळीकडे सोयी मिळत असतील." कायदा आहे. सोय द्या असं तो सांगतो. कुठली सोय, कुणाला आणि किती, हे मात्र शेवटी कुठल्या तरी टेबलाशी बसलेला माणूस ठरवतो.

एका सरकारी कार्यालयाने मला वार्षिक समारंभाला बोलावलं होतं. स्टेजच्या कोपऱ्यात उभी राहून मी भाषणांमागून भाषणं हातांवर घेत होते. समोर माझ्याकडे बघणारं कुणी दिसेना. चहाच्या वेळी आयोजकांना विचारलं, "आपल्याकडचे कर्णबधिर कर्मचारी कुठे बसलेत?" ते म्हणाले, "एक हैं ना मॅडम. आज फंक्शन है, तो रेकॉर्ड रूम में उनकी ड्यूटी लगी है."

याच्या उलट नोएडातला एक पंख्यांचा कारखाना. तिथल्या एका शेडमध्ये मशीनचा इतका आवाज की ऐकू येणाऱ्यांनाही एकमेकांचं काही ऐकू येत नव्हतं. त्यामुळे कर्णबधिर मुलांकडून सगळी लाइन हातांनी बोलायला शिकली होती. सुपरवायझर तर शिव्या फार सफाईने द्यायचा. मला म्हणाला, "आपकी ज़रूरत तो नहीं है मॅडम, पर आयी हैं तो चाय पी के जाइए." मात्र त्याच कारखान्याच्या, त्याच फाटकातल्या शेजारच्या शेडचा सुपरवायझर अशी मुलं घ्यायलाच तयार नव्हता. "कुछ हो गया तो कौन देखेगा?" एवढंच म्हणायचा.

अशा अनुभवांवरून मी मनाशी एक हिशेब बांधला होता. साहेब चांगला तर सोय चांगली, बाकी सगळं कागदावर. ऋचाच्या बाबतीत तो हिशेब चुकला. तिचं खरं नाव दुसरं आहे. आमच्यातल्या या गोष्टी लिहू का, असं मी तिला विचारलं होतं. तिने होकार दिला, तो नीट विचार करून, दुसऱ्या दिवशी दिला. हे मी मुद्दाम सांगते आहे, ते का हे पुढे कळेल.

नोएडात एक कंपनी आहे. परदेशातल्या दुकानांचे कॅटलॉग, खोक्यांवरची चित्रं, असलं काम तिथे चालतं. नरेश नावाचा सोनिपतचा एक कर्णबधिर मुलगा तिथे फोटो दुरुस्त करायचं काम करायचा. कर्णबधिरांच्या शाळेत वाढलेला, हातांनी बोलण्यात वस्ताद, आणि आपल्याला काय हवं ते मागताना जराही न लाजणारा. त्याच्या विभागाचे प्रमुख सेठीसाहेब. नरेशने पहिल्याच महिन्यात त्यांना लिहून कळवलं, 'सोमवारच्या मीटिंगमध्ये मी भिंत बघत बसतो.' पुढच्या सोमवारपासून मी तिथे जायला लागले.

त्या मीटिंगमध्ये एक मुलगी नेहमी माझ्याकडे पाठ होईल अशी खुर्ची घ्यायची. तिशीची, नीटनेटकी, केस मोकळे सोडून कानांवर घेतलेले. सेठीसाहेब बोलायला लागले की ती त्यांच्या तोंडावरून नजर हलवायची नाही. साहेबांची एक सवय चांगली होती. ते बोलताना खिडकीकडे वळायचे नाहीत, आणि ठरलेलं सगळं संध्याकाळी दोन ओळींत ग्रुपवर लिहायचे. नरेशला वाटायचं, हे आपल्यासाठी. त्याच दोन ओळींवर आणखी कुणाची तरी नोकरी चालली आहे हे कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

एकदा कँटीनमध्ये तिच्या हातून चहा सांडला आणि तिच्या तोंडून निघालं, "अगं बाई!" दिल्लीत असं कुठे कानावर पडलं की मला राहवत नाही.

"मराठी का गं तू?" मी विचारलं.

ती तिकडे तोंड करून टेबल पुसत होती. काहीच बोलली नाही. मी समोर जाऊन पुन्हा विचारलं, तेव्हा तिने माझ्या ओठांकडे पाहिलं आणि हसली. "हो. मूळचे साताऱ्याचे. आर. के. पुरमला राहतो." तिचं मराठी स्वच्छ होतं. फक्त त्यात चढउतार नव्हता, शब्द एका पातळीत ठेवल्यासारखे यायचे. शाळेत इतकी वर्षं काढलेल्या मला ते कळायला वेळ लागला नाही, आणि मला कळलं हे तिला कळायलाही नाही.

"काकू," ती हळूच म्हणाली, "इथे कुणाला माहीत नाहीये. प्लीज."

तीन वर्षांची असताना मेंदूज्वरात तिची श्रवणशक्ती गेली होती. केसांखाली कानाचं मशीन होतं, पण त्यातून तिला नुसता गोंगाट यायचा. ती सगळं ओठांवरून वाचायची. हे किती अवघड असतं ते वाचकांनी आरशासमोर उभं राहून बघावं. आवाज न काढता 'पान', 'बाण' आणि 'मान' म्हणा. ओठ तिन्ही वेळा सारखेच हलतात. ओठ वाचणारा माणूस निम्मं वाचतो आणि निम्मं जुळवतो, आणि दिवसभर जुळवून संध्याकाळी त्याचं डोकं फुटायची वेळ येते. ऋचा लहानपणी शिकली ती आईच्या ओठांवरचं मराठी. हिंदी आणि इंग्रजी तिने त्यावर रचलं होतं.

सेठीसाहेबांची बंगलोरला बदली झाली. त्यांनी घालून दिलेलं काहीच कुठे लिहिलेलं नव्हतं, त्यामुळे ते त्यांच्याबरोबर गेलं. नव्या व्यवस्थेत मीटिंग स्क्रीनवर व्हायला लागल्या, अर्धे लोक घरून, कॅमेरे बंद. संध्याकाळच्या दोन ओळी थांबल्या. माझं सोमवारचं बोलावणंही थांबलं. नरेशने गप्प बसायला नकार दिला. त्याने वर लिहिलं, त्याच्या वर लिहिलं, आणि मला परत आणवून घेतलं. एचआरच्या बत्रा मॅडम मला लिफ्टपाशी म्हणाल्या होत्या, "देखिए, एक को दूँगी तो कल सब माँगेंगे." बाई वाईट नव्हत्या. त्यांना भीती होती ती इतकीच की कुणी विचारलं, याला का आणि त्याला का नाही, तर उत्तर काय द्यायचं.

ऋचाने काहीच मागितलं नाही. मागायचं म्हणजे सांगायचं.

एके दिवशी बत्रा मॅडमचा फोन आला. ताबडतोब या, एक गंभीर प्रकार झालाय, मुलगी बहिरी आहे हे आत्ता कळतंय. मी पोचले तर काचेच्या खोलीत ऋचा बसलेली, चेहरा उतरलेला. एका फर्निचरवाल्या दुकानाचा कॅटलॉग होता. 'पुराना वाला मत भेजना' असं मीटिंगमध्ये सांगितलेलं असताना तिने तोच छापायला पाठवला होता. मीटिंगमध्ये 'समझ गई ना?' असं विचारलं तेव्हा 'हो' म्हणाली होती, हे सगळ्यांनी ऐकलं होतं. चौकशीत केसांखालचं मशीन बाहेर आलं.

"शुरू कीजिए," बत्रा मॅडम मला म्हणाल्या.

ऋचाने माझ्या हातांकडे पाहिलं आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला सांकेतिक भाषेतलं एक अक्षर येत नव्हतं. माझे हात तिला जितके परके तितकेच बत्रा मॅडमना. पण कंपनीच्या लेखी बहिरा म्हणजे बहिरा, आणि बहिऱ्याची सोय म्हणजे मी. नरेशला बसणारा सदरा तिला घालायला आणला होता.

"मॅडम, हिला साइन नाही येत," मी हिंदीत सांगितलं. "तुम्ही परवानगी दिलीत तर तुमचं बोलणं मी हिला मराठीत, आवाज न काढता सांगते. ती ओठ वाचेल."

"बिना आवाज़ के? मराठी में?" त्यांनी विचारलं. मग दोन्ही हात पसरून म्हणाल्या, "चलो, ठीक है."

मी खुर्ची तिच्यासमोर घेतली. उजेड माझ्या तोंडावर येईल अशी. बत्रा मॅडम हिंदी-इंग्रजीत बोलत होत्या आणि मी मागोमाग मुक्याने मराठी बोलत होते, सावकाश, आई लहान मुलाशी बोलते तसं. इतक्या वर्षांच्या कामात असं कधी केलं नव्हतं. पहिली दोन वाक्यं तिला लागली नाहीत. तिसऱ्याला तिचे खांदे खाली आले.

उत्तरं तिने स्वतःच्या आवाजात, बहुतेक हिंदीतच दिली. त्या खोलीत त्या दिवशी माझ्या तोंडून तिचा 'मी' निघाला तो एकदाच, शेवटी.

"सुनाई नहीं दिया तो हाँ क्यों बोला?" बत्रा मॅडमनी विचारलं.

ऋचाने माझ्या ओठांवरची नजर काढून बत्रा मॅडमकडे वळवली. मग म्हणाली, "सब रुक गए थे. सगळे... सब मेरे लिए रुके थे. इसलिए हाँ बोल दिया."

"पहले क्यों नहीं बताया? इंटरव्ह्यू में?"

"दोन ठिकाणी सांगितलं होतं," ती माझ्याकडे बघून मराठीतच बोलली, आणि मी ते हिंदीत केलं. "दोन्हीकडे म्हणाले, कळवतो. इथे सांगितलं नाही, तर इथे नोकरी मिळाली."

बत्रा मॅडमनी चष्मा काढून ठेवला. नोकरी राहिली. त्या आठवड्यात स्क्रीनवर बोललेलं अक्षरांत उमटतं ती सोय ऋचासाठी सुरू झाली, ठरलेलं सगळं लेखी द्यायचा नियम झाला. मी मेट्रोत बसून यांना फोन केला, "आज काम झालं बरं का!" इतका आनंद मला क्वचित झाला असेल.

मग बत्रा मॅडमनी मनापासून, अगदी चांगल्या भावनेने, सगळ्या कंपनीला एक मेल पाठवला. आपल्या सहकारी ऋचा यांना ऐकू येत नाही, त्यांच्याशी बोलताना पुढील काळजी घ्यावी. ज्या गोष्टीवर तिने तिशीपर्यंत केस ओढून घेतले होते ती गोष्ट एका दुपारी सगळ्या मजल्यांवर पोचली. लोक चांगले वागायला लागले. तेच तिला सहन होईना. "काकू, लिफ्टमध्ये सगळे मला मोठं तोंड करून गुड मॉर्निंग म्हणतात," तिने मला मेसेज केला होता. "आधी कुणी म्हणत नव्हतं. तेव्हा बरं होतं."

डिसेंबरात कंपनीने दिव्यांग दिन साजरा केला. मला बोलावलं होतं, नरेशसाठी. हॉलच्या पडद्यावर ऋचाचा भलामोठा फोटो लावलेला, केस मागे घेतलेला, मशीन दिसेल असा. खाली लिहिलेलं, 'हमारी प्रेरणा'. ती पहिल्या रांगेत बसली होती. मी तिच्याशेजारी वाकून ओठांनी विचारलं, "तुला विचारलं होतं का गं?"

"विचारलं होतं. कॉरिडॉरमध्ये. चारपाच जणी होत्या." ती पुढे बघत म्हणाली, "मी हो म्हटलं."

मला पुढचं विचारायची गरज नव्हती.

आधी नरेश बोलला. त्याने हात उचलले आणि माझ्या तोंडून साऱ्या हॉलने ऐकलं, "आज एक तासासाठी मला दुभाषी मिळाली आहे, धन्यवाद. मागच्या आठवड्यात माझ्या कामाचं मूल्यमापन झालं तेव्हा मिळाली नव्हती. टीम लीडर व्हायला क्लायंटशी फोनवर बोलावं लागतं, म्हणून मी टीम लीडर होणार नाही. माझ्या हाताखाली शिकलेला मुलगा झाला. मला सोय मिळते. पुढची खुर्ची मिळत नाही." हे मी हिंदीत, 'मी' म्हणत बोलले आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना ते भाषण वाटलं.

मग ऋचाचं नाव पुकारलं. ती उठली, स्टेजवर गेली, गुच्छ घेतला. माइक तिच्यापुढे आला. हॉल वाट बघत होता. तिने माइककडे पाहिलं, मान हलवून नकार दिला आणि खाली उतरून सरळ दाराबाहेर गेली. पुढच्या आठवड्यात तिचा राजीनामा आला. बत्रा मॅडम मला फोनवर म्हणाल्या, "मैंने तो सब किया उसके लिए." त्यांच्या आवाजात रडू होतं आणि ते खोटं नव्हतं.

पुढे एका रविवारी मी आर. के. पुरमला त्यांच्या क्वार्टरवर गेले. ऋचाची आई, वसुधाताई, मला आधी बाहेरच्या खोलीत घेऊन बसल्या.

"काम मिळालंय तिला," त्या म्हणाल्या. "घरूनच. मुंबईपुण्याच्या लोकांची पुस्तकं, पत्रकं छपाईसाठी मांडून देते. सगळं लिहूनच चालतं. तिला ऐकू येत नाही हे त्यातल्या कुणाला माहीतही नाही."

"मग चांगलंय की."

"हो ना, चांगलंच आहे." त्यांनी सोफ्याचं कव्हर सारखं केलं. "मेधाताई, तिचा आवाज मी कमावलाय हो. मेणबत्तीसमोर बसवून 'प' म्हणवून घ्यायचे, ज्योत हलली पाहिजे. 'ग' यायला तर वर्ष गेलं. माझ्या गळ्यावर तिचा हात ठेवायचे, तिच्या गळ्यावर माझा. हातांनी काही दाखवायला लागली की हातावर मारायचे. डॉक्टरांनीच सांगितलं होतं, खुणा करू दिल्यात तर बोलायची नाही. तेव्हा तसंच सांगायचे सगळे. इतकं केलं ते आवाजासाठी. आणि आता दिवसच्या दिवस जातात, या घरात तिचा आवाज नाही. आईशी बोलायलाही मेसेज करते."

"तिला साइन शिकवू का?" मी विचारलं. "नरेशचा ग्रुप आहे, रविवारी जमतात. तिच्या वयाची मुलं आहेत."

"ज्या हातांवर मी मारलं, ते आता चालवायचे तिने?" असं म्हणून वसुधाताई उठल्या. पण दाराशी जाऊन म्हणाल्या, "शिकवा. मला चालेल."

ऋचा गेली त्या ग्रुपमध्ये. नरेशने तिला फार प्रेमाने घेतलं. दोनतीन रविवार झाले आणि ती यायची बंद झाली. मी विचारलं तेव्हा तिने लिहिलं, 'काकू, सगळे इतके भराभर बोलतात. मला निम्मंही कळत नाही. मी तिथेही हो हो करत होते.'

मला लोक अजून विचारतात की एकाला सोय मिळते आणि दुसऱ्याला का मिळत नाही. मी सांगते, साहेब बदलतात, कागद नसतो, एक मागतो, एक मागत नाही. हे सगळं खरं आहे. पण ऋचाला अखेर सगळं मिळालं होतं, तेही कागदावर. त्यापुढचं मला सांगता येत नाही.

गेल्या महिन्यात मी परत त्यांच्याकडे गेले होते. ऋचा तिच्या खोलीत कॉम्प्युटरसमोर होती. मला बघून आनंदाने उठली, खुर्ची दिली, खिडकीचा पडदा सरकवून माझ्या तोंडावर उजेड घेतला. मी सावकाश विचारलं, "काम कसं चाललंय?"

ती हसली. फोन उचलून तिने भराभर काहीतरी लिहिलं आणि माझ्या पर्समधला फोन वाजला. समोरासमोर बसून मी तो काढला आणि वाचला. 'मस्त. नाशिकचे एक प्रकाशक मिळालेत. त्यांना वाटतं मी फार बिझी असते म्हणून फोन घेत नाही.' मला हसू आलं, तिलाही आलं.

आतून मिक्सरचा आवाज येत होता तो थांबला. वसुधाताई ओल्या हातांनी दारात आल्या.

"काही बोलली का?" त्यांनी मला विचारलं.

मी फोन त्यांच्यापुढे धरला. त्यांनी हात पुसले, चष्मा वर सरकवून वाचलं, मान डोलावली आणि परत आत गेल्या. मिक्सर मात्र बराच वेळ सुरू झाला नाही.